नित्याचा शृंगार आणि आपला वर्ण

एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें, आणि तेंही आयुष्यभर शब्दरूपें व समास घोकविणाऱ्यानें, स्त्रियांच्या मुखप्रसाधनावर लेखणी उचलावी, हें पाहून आमच्या कित्येक वाचकभगिनींस हंसूं येईल. येवो बापडें! ज्या विषयांत आम्हीं स्वतः चूक केली, त्या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस त्या चुकीनेंच दिला आहे, अशी आमची समजूत आहे. आणि ती चूक कोणती, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

सुमारें पंधरा वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचें कुटुंब एकत्र. धाकट्या बंधूंची कन्या तेव्हां नुकतीच पदवीधर झाली होती, आणि तिला पाहण्यास मंडळी यावयाची होती. मुलगी हुषार, नाकीं-डोळीं नीटस. वर्ण मात्र सांवळा. घरांतील वडील या नात्यानें आम्ही आदल्या दिवशीं स्वतः बाजारांत गेलों आणि दुकानदारास सांगितलें, "मुलगी उजळ दिसेल अशी पावडर द्या." त्यानें दिली, आम्हीं आणली. माजघरांतील विजेच्या दिव्याखालीं ती लावून झाली, तेव्हां कोणाच्याच कांहीं लक्षांत आलें नाहीं. परंतु दुपारच्या लख्ख उजेडांत मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन ओसरीवर आली, आणि पाहतों तों चेहरा एका रंगाचा व मान दुसऱ्या रंगाची! गालांवर जणूं राख फांसली होती. पाहुण्यांपैकीं एक वयस्क बाई अगदीं सौम्यपणें म्हणाल्या, "मुलीला जरा तोंड धुऊन येऊं द्या, तिचें खरें रूप याहून चांगलें असेल." त्यांचा हेतु वाईट नव्हता, पण मुलगी आंत गेली ती पुन्हां बाहेर आली नाहीं. संध्याकाळीं आमच्याजवळ येऊन तिनें एवढेंच विचारलें, "काका, माझा रंग लपविण्यासारखा आहे का?"

त्या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं आम्हांस देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे तें उशिरानें दिलेलें उत्तर होय.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. मुखास रंग लावणें ही पाश्चात्यांकडून आलेली थेरें आहेत, असें आमच्या पिढींतील पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. वात्स्यायनानें ज्या चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत 'विशेषकच्छेद्य', म्हणजे कपाळावरील तिलकासाठीं पानांच्या आकृति कातरण्याची कला आहे. तसेंच दांत, वस्त्रें व अंग रंगविण्याचीही एक स्वतंत्र कला आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत ग्रहगतीबरोबरच सुगंधी द्रव्यें सिद्ध करण्याचा विधिही दिला आहे. पण लबाडी कशाला करावी? वर्ण उजळ दाखविण्याचा सोसही जुनाच आहे. मेघदूतांतील अलकानगरीच्या स्त्रिया लोध्रपुष्पांच्या परागानें मुखास पांढुरकी छटा आणीत, असें कालिदास सांगतो. मात्र याच भूमींत श्रीराम श्यामवर्ण, श्रीकृष्ण श्यामवर्ण, आणि महाभारताची नायिका द्रौपदी तर आपल्या वर्णावरूनच 'कृष्णा' म्हणविली जाते. ज्यांच्या मूर्तीस आपण रोज हात जोडतों, त्यांचाच वर्ण लेकीसुनांच्या अंगीं आला तर आपण खेद मानतों, याला काय म्हणावें?

आपल्या घरांतील जुन्या बायकांची रीत आठवून पाहावी. बोटानें थोडेंसें मेण कपाळावर लावून त्यावर कोरडें कुंकूं रेखीत, म्हणजे तें दिवसभर हालत नसे. कुंकूंही हळदीचेंच, हळदीस खाराचा योग झाला कीं ती लाल होते, हा त्यांतील साधा रसायनव्यवहार. आधीं बैठक, मग रंग, आणि तोही बेताचा. नित्याच्या शृंगाराचें सारें शास्त्र या एवढ्याशा कृतींत सांपडतें. पुढें बाजारी प्रसाधनें आलीं. १९५२ सालीं टाटांच्या उद्योगसमूहांतून 'लॅक्मे' निघाली. तें नांव म्हणजे आपल्या लक्ष्मीचेंच फ्रेंच रूप. १९७५ सालीं 'फेअर अँड लव्हली' या नांवाचें मलम आलें व गोरेपणाची हांव घरोघर पोंचली. २०२० सालीं त्या नांवांतून 'फेअर' हा शब्द गळला. मनांतून तो गळण्यास मात्र अद्याप अवकाश आहे.

आमच्या अज्ञानाचें निरसन केलें तें आमच्या सूनबाईंनीं. त्या बँकेंत नोकरीस आहेत. रोज सकाळीं स्वयंपाकांत हात लावून, मुलांचे डबे भरून, त्या खिडकीशीं आरसा घेऊन बसतात आणि दहा मिनिटांच्या आंत उठतात. कित्येक महिने आमची समजूत अशी होती कीं, त्या नुसती वेणीफणी करितात. एके दिवशीं समोर मांडलेल्या डब्या पाहून आम्हीं आश्चर्यानें विचारलें, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, "मामंजी, तुम्हांला कळलें नाहीं, म्हणजेच तें नीट जमलें." मग आम्हीं विद्यार्थी व्हावें व त्यांनीं शिकवावें, असा उलटा पाठ सुरू झाला. त्याचें सार येथें देत आहों.

पहिली गोष्ट रंगाच्या निवडीची. ज्या लेपास 'फाउंडेशन' म्हणतात, तो आपल्या वर्णाहून उजळ घ्यावयाचा नसतो. तो आपल्या वर्णांत विरून जावा, एवढेंच त्याचें काम. परीक्षा मनगटावर करूं नये, कारण मनगटाचा व चेहऱ्याचा रंग क्वचितच एक असतो. जबड्याच्या कडेस, जेथें गाल संपून मान लागते तेथें, जवळजवळच्या दोनतीन छटांच्या रेघा ओढाव्या आणि दुकानाबाहेर उजेडांत येऊन पाहावें. जी रेघ दिसेनाशी होते, ती छटा आपली. पण लगेच निर्णय करूं नये; कांहीं लेप वाळल्यावर थोडे काळवंडतात, म्हणून पांचदहा मिनिटें थांबावें. शिवाय त्वचेच्या तळाशीं कोणाच्या पिवळसर, तर कोणाच्या तांबूस झांक असते. सांवळ्या त्वचेवर फिकट पावडर चढली कीं राखेसारखी दिसते, ती एवढ्यासाठींच. आमच्या ओसरीवर त्या दुपारीं घडलें तें हेंच.

दुसरी गोष्ट पूर्वतयारीची. चेहरा सौम्य साबणानें अथवा फेसळ द्रवानें धुवावा, आणि किंचित् ओला असतांनाच ओलावा राखणारें मलम लावावें. कोरड्या त्वचेवर कोणताही लेप भेगा दाखवितो. त्यानंतर ऊन अडविणारें 'सनस्क्रीन'. याचें महत्त्व आपल्या लोकांस अजून पटलेलें नाहीं. गालांवरील वांग व काळे डाग उन्हानें वाढतात. ते झांकण्यास जेवढा खर्च होतो, त्याहून कमी खर्चांत ते वाढूं न देणें साधतें. ज्यावर 'एस.पी.एफ. ३०' असा अंक आहे, तें सनस्क्रीन पुरेसें लावल्यास त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकीं सुमारें ९७ टक्के अडवितें. दोन बोटांवर लांबीभर काढावें, मुखास व मानेस लावावें, आणि बाहेर पडण्यापूर्वीं पंधरावीस मिनिटें मुरूं द्यावें. अधिक वेळ उन्हांत राहणें असेल तर दर दोन तासांनीं पुन्हां लावावें. पुरुषांनींही हें लावण्यास हरकत नाहीं. आम्ही फिरावयास जातांना लावतों व त्याची लाज बाळगीत नाहीं.

तिसरी गोष्ट मिताची. संपूर्ण चेहरा सारवूं नये. नाकाच्या कडा, हनुवटी, डोळ्यांखालील काळोखी, एखादा फोड गेल्याचा डाग, जेथें वर्ण असमान झाला असेल तेथेंच वाटाण्याएवढ्या लेपाचे ठिपके ठेवावे आणि बोटानें घांसूं नये, तर थोपटावें. बोटाच्या उबेनें तो त्वचेंत मिसळतो. जेथें निरोगी त्वचा आहे, तेथें ती तशीच दिसूं द्यावी. नैसर्गिकतेचें रहस्य या सोडून दिलेल्या जागांतच आहे. पावडर फक्त जेथें तेल सुटतें तेथें, म्हणजे कपाळ व नाक यांवर, पुसटशी फिरवावी. कोंकणांत व मुंबईंत, विशेषतः पावसाळ्यांत, जितके थर कमी तितकें बरें. घामानें थर सुटूं लागले कीं सर्व श्रम फुकट.

गालांवर व ओठांवर रंग लावावयाचा, तर तो कोणता? सूनबाईंची युक्ति मार्मिक आहे. थोडें भरभर चालून यावें व आरशांत पाहावें. जी लाली आपोआप चढली असेल तीच आपली. ओठांस आपल्याच ओठांच्या रंगाहून एकदोन छटा गडद असा रंग घ्यावा व बोटानें टिपून बसवावा. सांवळ्या मुखास फिकट गुलाबी रंग बहुधा खुलत नाहीं. विटकरी, जांभळट, डाळिंबी हे रंग शोभतात. डोळ्यांस काजळाची बारीक रेघ पुरे. शेवटीं टिकली लावावी, आणि उठण्यापूर्वीं खिडकीच्या उजेडांत मान थोडी वळवून जबड्याची कड एकदां पाहावी. माजघरांतील दिव्यावर विश्वासून काय होतें, हें आमचें कुटुंब जाणतें.

आतां सावधगिरीचे चार शब्द. सुरमा म्हणून विकल्या जाणाऱ्या कांहीं पदार्थांत शिसें असतें. तें लहान मुलांच्या डोळ्यांत तर मुळींच घालूं नये. आपल्या देशांत २०२० सालीं प्रसाधनांविषयीं जे नियम झाले, त्यांनीं रंगासाठीं शिसें अथवा सोमल वापरण्यास मनाई केली आहे व पाऱ्यास अत्यंत अल्प मर्यादा घातली आहे. परंतु ज्या डबीवर कारखान्याचें नांव, परवाना व मुदत यांपैकीं कांहींच छापलेलें नाहीं, तिला नियम काय करणार? आठ दिवसांत गोरेपणाचें वचन देणाऱ्या अशा बेवारशी मलमांत कधीं पारा, तर कधीं स्टेरॉइड सांपडतें. पारा वर्णद्रव्याची निर्मिति दाबतो, पण मूत्रपिंडें बिघडवितो. स्टेरॉइडनें प्रथम कांति आल्यासारखी वाटते. पुढें त्वचा पातळ व लाल होते, लव वाढते, फोड येतात, आणि मलम सोडलें कीं सारें उसळतें. असें झाल्यास संकोच न करितां त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें. चिकटाच्या टिकलीनें कोणाकोणाच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. तो शाप नव्हे कीं कुष्ठ नव्हे, चिकटांतील एका रसायनाचा तो परिणाम असतो. डाग दिसतांच ती टिकली सोडावी व हळदीचें शुद्ध कुंकूं जवळ करावें.

आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांस आणखी एक सूचना. घरांत सर्व कांहीं सामायिक असावें हें खरें. पण काजळ, ओठांचा रंग व लेपाचे फुगे ज्याचे त्याचे निराळे असावे. एका डबींतील काजळ चार जणींनीं घातलें कीं एकीचे आलेले डोळे चौघींस येतात. आणि रात्रीं निजण्यापूर्वीं चेहऱ्यावरील सर्व कांहीं धुऊन काढावें, मग कितीही थकवा असो.

हें सर्व ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीं एक आक्षेप घेतला, तोही नमूद करितों. त्या म्हणाल्या, "कोणास कळूंच द्यावयाचें नाहीं, तर लावावयाचें तरी कशाला?" आक्षेप दिसावयास बिनतोड आहे. परंतु धुतलेल्या वस्त्राची घडी मोडून तें नेसावें, केंस विंचरून बांधावे, हेंही कोणी 'पाहा' म्हणून सांगत नाहीं. तरी त्यानें मन प्रसन्न होतें. कोणास शृंगार मुळींच नको असेल, तर तिनें खुशाल करूं नये. तिच्यावर तो लादण्याचा अधिकार आम्हां वडीलधाऱ्यांस नाहीं, आणि हौसेनें करणारीस नांवें ठेवण्याचाही नाहीं. पाहावयाचें तें एवढेंच कीं, ती आपला वर्ण नीटनेटका करीत आहे, कीं आपल्या वर्णाची माफी मागत आहे? पहिल्यास आम्ही शृंगार म्हणूं. दुसरी शिक्षा होय, आणि ती आमच्या पुतणीस आम्हींच दिली होती.

ती पुतणी आज पुण्यास एका प्रयोगशाळेंत काम करिते. स्वतःच्या पसंतीनें तिनें संसारही मांडला आहे. गेल्या दिवाळींत ती घरीं आली, तेव्हां सूनबाईंबरोबर बराच वेळ त्या खिडकीशीं बसली होती. नंतर फराळाचें ताट आमच्या पुढें ठेवून, चेहरा उजेडाकडे करून ती म्हणाली, "काका, आतां परीक्षा तुमची. मीं आज तोंडाला कांहीं लावलें आहे कीं नाहीं?"

आम्हीं चष्मा पुसून पाहिलें. गाल, मान, कपाळ, सारें तिचेंच होतें. तोच सांवळा, टवटवीत वर्ण.

"मुळींच नाहीं," आम्ही ठामपणें म्हणालों.

दोघी खळखळून हंसल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या. परंतु नापास होण्यांतही एवढें समाधान असतें, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथमच कळलें.