झाडू-पोछ्याचे महागडे यंत्र : घर मोजा, मग पैसे मोजा
वलवणच्या गृहस्थासाठी खरेदीपूर्वीचा हिशेब

आपले आपण घरभर फिरून केर ओढणारे आणि फरशी पुसणारे यंत्र आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाही. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी वलवण, तुंगार्ली या बाजूला बंगले बांधले आणि त्यांच्यामागून ही यंत्रेही घाटमाथ्यावर आली. आता इथल्या दुकानदारांच्या आणि कारागिरांच्या घरीही 'आपण घ्यावे का?' अशी चर्चा सुरू झाली आहे. साधे यंत्र पंधरा-वीस हजारांत मिळते. उंची यंत्राला साठ-सत्तर हजारांपासून लाखाच्या वर मोजावे लागतात. एवढ्या पैशात सुताराचे एखादे चांगले यंत्र येते किंवा छोट्या दुकानात हंगामाचा माल भरता येतो. म्हणून हा सौदा हौसेवर सोडू नये. दुकानाच्या मालाची पारख करतो तशीच याचीही करावी.

ही कल्पना आली कोठून?

स्वतः फिरणारे पहिले विक्रीयोग्य यंत्र स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने 2001 मध्ये बाजारात आणले. 2002 मध्ये अमेरिकेच्या आयरोबोट कंपनीचे 'रूंबा' आले आणि जगभर खपले. आपल्याकडे केर ओढणाऱ्या यंत्राची ओळख त्याआधीची आहे. 1982 मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सचे विक्रेते 'युरोक्लीन' घेऊन दारोदार येत, सतरंजीवर धूळ टाकून ती ओढून दाखवीत. प्रात्यक्षिक पाहून अनेकांनी यंत्र घेतले. पुढे कित्येक घरांत ते माळ्यावर जाऊन बसले. यंत्र वाईट नव्हते. रोज काढायचे, जोडायचे, परत ठेवायचे हे कोणाला जमले नाही. नवे यंत्र ही अडचण दूर करते, हा त्याचा खरा गुण होय. पण त्याच्या स्वतःच्या वेगळ्या अडचणी आहेत.

यंत्र काम कसे करते?

चपट्या गोल डब्यासारख्या या यंत्राला खाली चाके, ब्रश आणि पंखा असतो. बहुतेक उंची यंत्रांत लायडार नावाचे साधन असते. ते प्रकाशकिरण सोडून भिंतींचे अंतर मोजते व घराचा नकाशा तयार करते. मोबाईलवर तो नकाशा दिसतो. कोणती खोली झाडायची, कोणती पुसायची, कोठे अजिबात जायचे नाही, हे त्यावर रेघ ओढून सांगता येते. काम संपले की यंत्र आपल्या पेटीपाशी परत जाते. या पेटीला डॉक म्हणतात. महागड्या यंत्राची निम्मी किंमत या डॉकची समजावी. तो यंत्राच्या पोटातला केर पिशवीत ओढून घेतो, पोछा गरम पाण्याने धुतो, गरम हवेने वाळवतो. स्वच्छ पाण्याची टाकी वेगळी आणि मळक्या पाण्याची वेगळी असते.

खोक्यावर मोठ्या अक्षरात 'इतके हजार पास्कल' असे लिहिलेले असते. अलीकडे हा आकडा वीस हजारांच्या पुढे गेला आहे. हा ओढीचा दाब आहे. केर उचलायला दाबाइतकाच हवेचा प्रवाहही लागतो, आणि ब्रश जमिनीला किती नीट टेकतो यावरही बरेच ठरते. साध्या फरशीवर पाच हजार आणि वीस हजार यांतला फरक डोळ्यांना फारसा दिसत नाही. जाड गालिचा असेल तर तो दिसतो. म्हणून केवळ या आकड्यापायी वीस हजार रुपये जास्त देऊ नयेत.

वलवणचे घर आणि वलवणचा पाऊस

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये चाललेले यंत्र आपल्याकडे तसेच चालेल असे नाही. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने चपलांना लाल चिखल, भिंतींना ओल आणि कपाटात बुरशी. अशा दिवसांत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, ओला चिखल. केर ओढताना चिखलाचा गोळा ब्रशमध्ये गेला तर नळीत थापून बसतो आणि धुळीच्या पिशवीत कुजतो. पायरीवरचा व दारातला चिखल हातानेच काढावा लागेल. नकाशावर दाराजवळचा भाग वगळावा.

दुसरी, वास. ओल्या हवेत पोछा वाळत नाही. गरम हवेने वाळवण्याची सोय इतरत्र चैन असेल, वलवणमध्ये ती गरज आहे. मळक्या पाण्याची टाकी रोज रिकामी करून धुवावी लागते, हे विक्रेता सहसा सांगत नाही. दोन दिवस राहिले तर खोलीत वास सुटतो.

तिसरी, वीज. वलवणच्या धरणाचे पाणी खोपोलीच्या वीजघरात जाते आणि तेथील वीज 1915 पासून मुंबईला मिळत आली आहे. तरी वादळी पावसात इथले दिवे जातातच. यंत्राच्या एका चार्जिंगला साधारण 0.1 युनिट वीज लागते, त्याची चिंता नाही. पाणी तापवणे आणि हवा फुंकणे यांना त्याहून जास्त लागते. पण वीज वारंवार गेली की पोछा अर्धवट धुतलेला राहतो, आणि दाब कमी-जास्त झाला तर डॉकच्या आतल्या सर्किटला धोका असतो. चांगले संरक्षक सॉकेट लावावे.

आता घराची रचना. जुन्या घरांत दोन-तीन इंचांचे उंबरठे असतात. सर्वसाधारण यंत्र सुमारे 2 सेंटिमीटर चढते. काही नवी महाग यंत्रे 4 सेंटिमीटर किंवा त्याहून थोडे अधिक चढतात. जिना कोणतेच साधे घरगुती यंत्र चढत नाही. दुमजली बंगल्यात वरच्या मजल्यावर यंत्र हातात उचलून न्यावे लागेल आणि डॉक मात्र खालीच राहील. दिवाणाखालची उंचीही मोजावी. वर मनोरा असलेले यंत्र जवळपास 10 सेंटिमीटर उंच असते.

सतरंजी, जानमाज यांच्या कडेच्या झालरी आणि दस्तरखानाचे पातळ कापड ब्रशमध्ये गुंडाळले जाते. ते आधी उचलून ठेवावे. नमाजच्या जागेबाबतही विचार करावा. एकाच पोछ्याने मोरी, स्वयंपाकघर आणि ती जागा पुसली जाऊ नये. यंत्राने प्रत्येक खोलीनंतर डॉककडे परत जाऊन पोछा धुवावा अशी सोय असेल तर ती चालू करावी. मोरी, संडास नकाशातून कायमचे वगळावेत.

कारखान्यात लावू नये

घरातच काम करणाऱ्या कारागिरांसाठी हे विशेष सांगणे आहे. शिलाईचे दोरे ब्रशला गुंडाळतात, लाकडाचा बारीक भुसा फिल्टर बंद करतो, चिक्कीच्या गुळाचा पाक पोछ्याने पसरतो, निघत नाही. शिवाय बहुतेक कंपन्यांची हमी 'फक्त घरगुती वापरासाठी' असते. पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या बंगल्यासाठी यंत्र घेतले तर हमीचा प्रश्न येतो. ग्राहक कायद्यातही व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार सामान्यतः 'ग्राहक' ठरत नाही.

जीएसटीची गोष्टही येथेच सांगतो. या यंत्रांवर 18 टक्के कर आहे. तो दुकानाच्या नावाने बिल घेऊन परत मिळवता येईल असे कोणी सुचवील. घरच्या वापराच्या वस्तूवर कायद्याने ही वजावट मिळत नाही. तपासणीत निघाले तर कर, व्याज आणि दंड तिन्ही भरावे लागतात.

महिन्याचा हिशेब

समजा यंत्र 70,000 रुपयांचे आहे आणि पाच वर्षे चालले. वर्षाला 14,000 झाले. पिशव्या, फिल्टर, ब्रश, पोछे, पुसायचे द्रावण आणि तीन-चार वर्षांनी बदलावी लागणारी बॅटरी यांचा सरासरी खर्च वर्षाला 6,000 धरू. एकूण 20,000, म्हणजे महिन्याला सुमारे 1,670 रुपये. रोज वापरणाऱ्या घरात, महिन्याचे 25 दिवस धरले तर एका दिवसाला 67 रुपये पडतात. तेच यंत्र फक्त शनिवार-रविवारी उघडणाऱ्या बंगल्यात महिन्यातून 8 वेळा फिरले तर एका वेळेला 209 रुपये. दुसरीकडे 30,000 चे मधले यंत्र चार वर्षे चालले आणि वर्षाला 4,000 खर्च आला तर महिन्याला 960 च्या आत भागते.

येथे कामवाल्या बाईंचाही विचार व्हावा. वलवण परिसरातल्या कितीतरी स्त्रियांचा संसार बंगल्यांच्या केर-लादीवर चालतो. यंत्र जिना, मोरी, व्हरांडा, खिडक्या, जाळी-जळमटे काहीच करत नाही. यंत्र आले त्याच महिन्यात बाईंना काढणाऱ्याचे घर निम्मेच स्वच्छ राहील. ज्या घरात आजारी माणूस आहे, गुडघे दुखणारी आई आहे, किंवा बाईमाणूस दुकानही सांभाळते, तेथे यंत्राचा खरा उपयोग आहे.

'बिनव्याजी हप्ता' या शब्दालाही भुलू नये. बँक व्याज लावतेच. दुकानदार तेवढी रक्कम सूट म्हणून आधी कमी करतो. क्रेडिट कार्डाचा हप्ता असेल तर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आपल्याला द्यावा लागतो, प्रक्रिया शुल्क वेगळे, आणि रोखीची सूट हातची जाते. व्याज 5,000 धरले तर त्यावरचा करच 900 रुपये होतो. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको आहे त्यांनी बँकेचा कागद स्वतः वाचावा. त्यावर व्याज हा शब्द स्पष्ट छापलेला दिसेल.

कंपनी टिकेल का? घरचे काय बाहेर जाईल?

हे यंत्र मोबाईल आणि कंपनीच्या दूरच्या संगणकाच्या आधाराने चालते. कंपनी बुडाली तर चांगले यंत्रही लंगडे होते. अमेरिकेची निएटो कंपनी 2023 मध्ये बंद पडली आणि 2025 मध्ये तिची दूरची सेवाही थांबली. रूंबा बनवणारी आयरोबोट 170 कोटी डॉलरला ॲमेझॉन विकत घेणार होती. तो सौदा जानेवारी 2024 मध्ये फिसकटला. डिसेंबर 2025 मध्ये आयरोबोटने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून मोबाईलशिवाय, यंत्रावरची कळ दाबून ते चालते का, हे दुकानातच पाहावे.

कॅमेऱ्याचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. चाचणीसाठी दिलेल्या रूंबा यंत्रांनी 2020 मध्ये टिपलेली घरातली खासगी छायाचित्रे इंटरनेटवर पोचली होती, हे 2022 मध्ये उघड झाले. 2024 मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्सची काही यंत्रे परक्यांनी ताब्यात घेऊन त्यांतून शिव्या ऐकवल्या. घरात आया-बहिणी मोकळेपणाने वावरतात. आमचे मत स्पष्ट आहे : केवळ लायडारवर चालणारे, कॅमेरा नसलेले यंत्र मिळत असेल तर तेच घ्यावे. वायर-चपला ओळखण्याची करामत थोडी कमी होईल, ती परवडते.

पारख कशी करावी?

व्यापाऱ्याकडे वजनकाटा असतोच. विक्रेत्याकडून घरी प्रात्यक्षिक मागावे. 50 ग्रॅम रवा तोलून भिंतीच्या कडेला आणि कोपऱ्यात पसरावा. यंत्र फिरल्यावर पोटातला रवा पुन्हा तोलावा. फरशीवर चहाचे थेंब टाकून रात्रभर वाळू द्यावेत आणि किती फेऱ्यांत जातात ते मोजावे. सर्वांत उंच उंबरठ्यावरून यंत्र तीन वेळा न्यावे. घरातले वाय-फाय 2.4 गिगाहर्ट्झचे आहे का पाहावे. अनेक यंत्रे त्यावरच चालतात. बॅटरी, पिशवी, ब्रश, पोछा यांचे दर लिहून घ्यावेत. सेवाकेंद्र पुण्यात आहे की यंत्र कुरिअरने दिल्लीकडे पाठवावे लागेल, तेही बिलावर लिहून मागावे. ऑनलाइन घेतल्यास उघडलेले यंत्र परत घेतात की केवळ बदलून देतात, हे पैसे देण्यापूर्वी वाचावे.

घरच्या वापराच्या यंत्रात दोष निघाला आणि दाद मिळाली नाही तर 1915 या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते. 2019 च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. वलवणच्या माणसाला त्यासाठी पुणे पुरते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. पक्के बिल मात्र हवेच.

सपाट फरशी, कमी उंबरठे, एकच मजला, रोजचा वापर आणि पुण्यात सेवाकेंद्र, या पाचही गोष्टी जुळत असतील तर उंची यंत्र पैसे वसूल करील. यांतल्या दोन जरी नसतील तरी मधले यंत्र घ्यावे, किंवा एक पावसाळा थांबावे. उरलेली रक्कम धंद्यात लावली तर ती तेथे अधिक उपयोगी पडेल.