पूर्वजांची वाट आणि आपली आजची अडचण

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका यंत्रमागवाल्याने मला गाठलं. म्हणाला, "सर, सूत महाग, वीज नाही, माग बंद. अशात श्रद्धा ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू.

अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचं उदाहरण घेऊ. छळाला कंटाळून १८४६ साली या लोकांनी नावू हे आपलं गाव सोडलं आणि पुढच्या वर्षी जुलैत त्यांची पहिली तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. १८५६ मध्ये, ज्यांना बैल नि गाडी परवडत नव्हती अशी कुटुंबं चक्क हातगाड्या ओढत निघाली. त्यातल्या दोन तुकड्यांना निघायला उशीर झाला. त्या बर्फात अडकल्या आणि दोनशेच्या आसपास माणसं दगावली. आजही त्या पंथातली मुलं हातगाड्या ओढून ती वाट आठवतात.

आता विचार करा. जे वाटेत गेले, त्यांची श्रद्धा कमी होती का? तसं म्हणता येत नाही. म्हणजे 'तू तरशीलच' अशी हमी हा वारसा देत नाही. मग देतो काय? तुकड्या अडकल्याचं कळताच, आधी पोचलेले लोक अन्न आणि पांघरुणं घेऊन उलट दिशेने धावले. वारसा ओढणाऱ्यांचा आहे, तसा माघारी धावणाऱ्यांचाही आहे.

आपल्या भिवंडीतही ही वाट आहेच की! १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतले मोमीन विणकर इथे आले. मोमीन या शब्दाचा अर्थच मुळी श्रद्धावान. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. ते स्वतःला मार्कंडेय ऋषींचे वंशज मानतात. दोघांकडे भांडवल एकच होतं, हातातलं कसब.

पण आठवण दुधारी असते. १९७० आणि १९८४ मध्ये याच गावात दंगली पेटल्या, तेव्हाही माणसं आपापल्या पूर्वजांचीच नावं घेत होती. पुढे १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, शेजारी शेजाऱ्याशी बोलू लागला, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. पूर्वजांची आठवण काढल्यावर मूठ आवळते की हात पुढे होतो? मूठ आवळली, तर तो नुसता अभिमान. हात पुढे झाला, तर ती श्रद्धा.

त्या यंत्रमागवाल्याला मी एवढंच म्हटलं, "तुमच्या आजोबांनी कुठे काय सोसलं ते मुलांना सांगा. पण त्यांना भाकर कुणी दिली, तेही सांगा. आणि शेजारचा माग बंद असेल, तर आज चौकशीला जा." माग त्याने सुरू होणार नाही, हे मलाही कळतं. पण माणूस एकटा राहत नाही, आणि श्रद्धेची सुरुवात तिथूनच होते.