अकरावीच्या बाकावर पदवीचा पाठ

नाशिकच्या एच. पी. टी. महाविद्यालयासारख्या, १९२४ पासून चालत आलेल्या संस्थेत अकरावी-बारावीची आणि पदवीची मुले एकाच आवारात वावरतात. परंतु कनिष्ठ आणि वरिष्ठ ही त्यांची दप्तरी वाटणी इतकी पक्की असते की, सतराव्या वर्षीच ज्याची जिज्ञासा पदवीच्या विषयापर्यंत पोहोचली आहे, त्यालाही बारावीचा निकाल लागेपर्यंत तिष्ठत राहावे लागते. ही वाटणी पूर्वापार मात्र नव्हे. १९७५ साली नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा होण्यापूर्वी मुले अकरावीला मॅट्रिक होऊन थेट महाविद्यालयात दाखल होत. म्हणजे आजचे बारावीचे वर्ष आपल्या वडीलधाऱ्यांनी महाविद्यालयातच काढलेले आहे. शाळेची हद्द कोठे संपावी, हे विद्यार्थ्याच्या बुद्धीपेक्षा कारभाराच्या सोयीनेच अधिक ठरत आले आहे.

उच्च विद्येचा प्रांत शालेय वयाला अगम्य नसतो, याचा दाखला जवळच देवळालीत आहे. तेथे शाळामास्तर म्हणून आयुष्य वेचलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ साली विद्वानांपुढे मांडलेला ६१७४ हा स्थिरांक जगभरच्या गणितज्ञांना परिचित आहे. ३५२४ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी केली की ३०८७ येतात, त्यावर तीच क्रिया केली की ८३५२ आणि पुन्हा केली की ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात वजाबाक्यांत येथेच येऊन थांबते. वजाबाकी प्राथमिक शाळेतली. परंतु ‘असे का होते?’ हा प्रश्न विचारला, की विद्यार्थी नकळत पदवीच्या वर्गाच्या उंबरठ्यावर उभा राहतो.

आज हा उंबरठा ओलांडण्याची मुभा घरबसल्या मिळते. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर महाविद्यालयीन पाठ कोणालाही विनामूल्य ऐकता येतात. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीसाठी तर अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेला विद्यार्थीही अर्ज करू शकतो आणि चार आठवड्यांचा पात्रता-अभ्यास उत्तीर्ण झाल्यास बारावीनंतर प्रवेश घेऊ शकतो. दर आठवड्याचा स्वाध्याय ठरल्या मुदतीत, गाइडाच्या आणि क्लासच्या आधाराविना पुरा करण्याची जी शिस्त अशा अभ्यासाने अंगी बाणते, ती पदवीच्या पहिल्या वर्षी गांगरणाऱ्या मुलांना फार उशिरा लाभते.

अमेरिकेत ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा १९५५ पासून कॉलेज बोर्डाच्या देखरेखीखाली चालत आल्या असून, त्यांतील गुणांबद्दल अनेक विद्यापीठे श्रेयांक देतात. आपल्याकडेही २०२१ मध्ये ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची स्थापना झाली आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय शिक्षणही त्याच हिशेबात आणले. तथापि श्रेयांक मंजूर करणे न करणे ज्या त्या संस्थेच्या नियमांवर अवलंबून असल्याने, नाव नोंदविण्यापूर्वी तेथे चौकशी केलेली बरी. शिवाय ज्याची बारावीची आणि सीईटीची तयारीच डळमळीत आहे, त्याच्यावर हा जादा भार लादणे अनुचित होय. ज्याला झेपेल त्यानेही एका वेळी एकच विषय घ्यावा.

श्रेयांक मिळाले नाहीत, तरी व्यवहार तोट्याचा ठरत नाही. केवळ गुण भरपूर पडले म्हणून अभियांत्रिकीकडे लोटला जाणारा मुलगा त्या विषयाचा एखादा पाठ्यक्रम आठ आठवडे अभ्यासून ‘हे आपले क्षेत्र नव्हे’ अशा निष्कर्षाला आला, तर चार वर्षे आणि आईबापांच्या गाठीचा पैसा वाचवणारा तो निर्णय कोणत्याही प्रमाणपत्राहून मोलाचा मानावा लागेल.