जीपचं उंच बॉनेट
'महायुद्धातली आहे,' असं विकणारा म्हणाला, आणि मी त्या इंजिनाचं हेड गॅस्केट मागवलं. ते बसेना. चूक बॉनेटच्या उंचीतच दिसत होती. युद्धकाळातल्या विलीज जीपमध्ये दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असत. त्यामुळे हेड चपटं. १९५३ साली आलेल्या सीजे-३बीमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट खालीच राहिले. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच. (क्षमता मात्र तीच, सुमारे २.२ लिटर.) महिंद्रांनी परवान्याने वर्षानुवर्षं बनवली ती हीच गाडी. म्हणजे माझी जीप युद्धानंतरची, बहुधा मुंबईचीच! सध्या तिचे चारही पुशरॉड पुठ्ठ्यात क्रमाने खोचून ठेवलेत. पहिल्या खेपेला मी ते एकाच डब्यात टाकले होते.