मुलीला ८.६० गुण मिळाले, म्हणजे ती घसरली का?

मध्यंतरी एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. तक्रार पोटदुखीची. मुलगी जिम्नॅस्टिक्स करते, रोज संध्याकाळी अडीच तास सराव, आणि स्पर्धा जवळ आली की दोन दिवस आधीपासून पोटात दुखते. मी पोट तपासले, मऊ होते. जंताचे औषध आणि आम्लपित्ताचे पातळ औषध लिहून दिले आणि पाठवून दिले. खरे सांगायचे तर गर्दीच्या वेळी मी तिच्याकडे नीट पाहिलेच नव्हते.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा मुलीचे वजन दीड किलोने उतरलेले होते. या वेळी मी आईला बाहेर बसायला सांगितले आणि मुलीशी बोललो. बराच वेळ ती नखे कुरतडत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरकाका, मी डबा मैत्रिणीला देते. वजन वाढलं म्हणून माझे मार्क कमी झाले ना." एवढ्या वयाच्या पोरीने हा हिशेब कुठून काढला असेल, असे वाटून मला गलबलून आले.

हिशेब असा होता. आधीच्या स्पर्धेत फ्लोअर एक्झरसाइजला तिला ९.१५ गुण होते. नंतरच्या स्पर्धेत ८.६०. वडिलांनी घरी वहीत हे आकडे टिपून ठेवले होते, आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे वाचले होते. "मागच्या खेपेला एक्क्याण्णव टक्के, आता शहाऐंशी!" घरात दोन दिवस कोणी तिच्याशी धड बोलले नाही.

आता मला तरी या खेळातले काय कळत होते? विद्यापीठ परिसरातील साईच्या केंद्रामुळे आणि विभागीय क्रीडा संकुलामुळे आपल्या छत्रपती संभाजीनगरात खेळाडू मुले खूप, त्यांची मनगटे आणि टाचा मी तपासतो, पण गुण कसे देतात ते मी कधी विचारले नव्हते. म्हणून परीक्षणाचे काम केलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना गाठले आणि तासभर शिकवणी घेतली. ते वाचकांपुढे ठेवतो, कारण हा गैरसमज एका घरातला नाही.

आपल्या पिढीच्या डोक्यात दहा हा आकडा बसला आहे तो नादिया कोमानेचीमुळे. १९७६ साली मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये चौदा वर्षांच्या या रुमानियन मुलीला पैकीच्या पैकी दहा गुण मिळाले आणि गुणफलकावर १.०० असे दिसले, कारण दहा दाखवण्याची सोयच त्या फलकात नव्हती. पण २००६ पासून आंतरराष्ट्रीय पद्धत बदलली. आता गुणांचे दोन भाग असतात. पहिला काठिण्याचा: खेळाडूने कोणत्या उड्या, कोणते तोल, कोणत्या गिरक्या केल्या त्यांच्या किमतींची बेरीज. याला वरची मर्यादा नाही. दुसरा सफाईचा: हा दहापासून सुरू होतो आणि चुकीगणिक कमी होत जातो. गुडघा किंचित वाकला तर ०.१, जरा मोठी चूक ०.३, त्याहून मोठी ०.५, आणि पडले तर पूर्ण १. फ्लोअरच्या बारा मीटरच्या चौकोनाबाहेर पाऊल गेले तर शेवटच्या बेरजेतून वेगळी वजावट.

म्हणजे अंतिम गुण दहापैकी नसतात, शंभरपैकीही नसतात. त्यांची टक्केवारी काढणे म्हणजे किलोमीटरची लिटरशी तुलना करणे.

मुलीच्या दोन्ही स्पर्धांचे तपशीलवार गुण मागवले. ९.१५ मध्ये काठिण्य १.९ आणि सफाई ७.२५ होती. ८.६० मध्ये काठिण्य २.४, सफाई ६.५, आणि दोन्ही पाय रेषेबाहेर गेले म्हणून ०.३ वजा. पोरीने नवीन अवघड उडी घातली होती. पाय आधी टेकले म्हणून ती उडी मोजली गेली, पण तोल जाऊन ती खाली बसली आणि तिथे एक गुण गेला. ते पडणे बाजूला ठेवले तर तिची सफाई ७.५ भरते, आधीपेक्षा चांगली. नुसती ती उडी सावरली असती आणि रेषा सांभाळली असती तर ९.९० झाले असते. घरी जिला घसरली म्हणून बोल लावत होते ती पुढे गेली होती.

मग चांगले गुण म्हणजे किती, हे मी त्या गृहस्थांना विचारलेच. ते हसले. म्हणाले, आधी स्पर्धा कोणत्या नियमांवर आहे ते विचारा. लहान गटांच्या काही स्पर्धांत सर्वांना एकच ठरलेला संच करायचा असतो आणि कमाल गुण दहा; तिथे आठ चांगले, नवाच्या पुढे फार चांगले. काठिण्य वेगळे मोजणाऱ्या स्पर्धेत मात्र एकूण आकड्यावरून काही कळत नाही, सफाईचा आकडा पाहावा. दहा-बारा वर्षांच्या मुलीचा तो सातच्या आसपास टिकला तर पाया बरा समजावा, आठ ओलांडले तर ते त्या वयात कौतुकाचे. त्यातही फ्लोअरचे गुण फ्लोअरशीच ताडावेत. बॅलन्सिंग बीम म्हणजे सव्वा मीटर उंचीवरची अवघी दहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी. तिथे चांगल्या चांगल्या मुली डगमगतात, तिथले गुण कमी दिसणारच.

दोन वेगवेगळ्या वर्षांचे गुणही एकमेकांशेजारी ठेवू नयेत. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरचेच पाहा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टवर तिची सरासरी १५.०६६ झाली आणि ती चौथी आली, कांस्यपदक १५.२१६ ला गेले. २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने १३.५६६ गुणांवर सुवर्णपदक जिंकले. दीड गुण कमी, आणि पदक सोन्याचे! मधल्या काळात नियमपुस्तकात अवघड व्हॉल्टच्या किमती उतरल्या होत्या, स्पर्धा वेगळी होती, समोरचे खेळाडू वेगळे होते. वहीत टिपणाऱ्या वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते प्रथमच गप्प झाले.

आता वजनाचे. परीक्षकाच्या कागदावर वाकलेल्या गुडघ्याला रकाना आहे, सुटलेल्या पंजाला आहे, उतरताना टाकलेल्या जादा पावलाला आहे. वजनाला नाही. तरीही या खेळात हे भूत जुने आहे. अमेरिकेची क्रिस्टी हेनरिच १९८९ च्या जागतिक स्पर्धेत अनइव्हन बारवर चौथी आली होती. वजन कमी कर, असे एका परीक्षकाने सुनावल्यावर तिने जेवण तोडायला सुरुवात केली, असे पुढे सांगितले गेले. १९९४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्या उपासमारीच्या आजारात ती गेली. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण "जरा कमी खा, उडी हलकी होईल" हे वाक्य मोठ्या माणसाच्या तोंडून किती सहज निघते, ते मी माझ्याच दवाखान्याच्या बाकावर ऐकलेले आहे.

आमच्या या मुलीची उंची वर्षभरात सहा सेंटिमीटर वाढली होती. हात-पाय लांब झाले की उडीचा अंदाज काही महिने चुकतो, जुनी गिरकीही अर्धवट राहते. ही वाढ आहे, चूक नव्हे, आणि ती उपाशी राहून थांबवायची गोष्ट नाही. दहा ते बारा वर्षांच्या, बऱ्यापैकी हालचाल असलेल्या मुलीला दिवसाला साधारण २००० कॅलरी लागतात. रोज अडीच तास सराव करणारीला त्याहून थोड्या जास्तच. त्यासाठी परदेशी पावडरीचे डबे नकोत. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी, दूध-दही, चालत असेल त्यांच्याकडे अंडे, सरावाआधी एक केळे आणि सराव संपल्यावर गूळ-शेंगदाण्याचा लाडू, एवढे पुष्कळ झाले. स्पर्धेच्या सकाळी दोन-अडीच तास आधी पोहे किंवा उपमा द्यावा. रिकाम्या पोटी भोवळ येते, आणि बीमवर भोवळ येणे परवडत नाही.

पोटदुखीमागे दर वेळी पोटाचाच दोष असतो असे नाही, पण दुसरी एक दुखी या मुले लपवतात ती मनगटाची. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी कूर्चेचा कोवळा थर असतो. हातांवर शरीराचा भार वारंवार पडला की अंगठ्याकडच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, दाबल्यावर दुखते. गोळी देऊन सराव चालू ठेवणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय. काही आठवडे हातांवर भार बंद. त्या काळात पायांचा, पोटाच्या स्नायूंचा व्यायाम चालू ठेवता येतो. टाच दुखणे, किंवा पाठ मागे वाकवताना कमरेत दुखणे आणि ते दोन आठवड्यांच्या पुढे टिकणे, हेही अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वजन उतरणे, वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी उंची वाढणे, मोठ्या मुलींत पाळी थांबणे, ही लक्षणे दिसली तर स्पर्धा पुढे ढकलावी, डॉक्टर पुढे ढकलू नये.

या मुलीचे मनगटही दुखत होते, हे मला तिसऱ्या भेटीत कळले. आई ते ऐकून थक्कच झाली. चार आठवडे हातांचा भार बंद केला. तिच्या प्रशिक्षकांना फोन केला तेव्हा त्यांनी तक्रार न करता ऐकले, उलट आधी का सांगितले नाही म्हणून हळहळले.

गेल्या महिन्यात वडील एकटेच आले, स्वतःचा रक्तदाब तपासायला. खिशातून तीच वही काढली. आता पानावर चार रकाने आखलेले होते: काठिण्य, सफाई, वजावट, आणि चौथ्यात मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलेले, आज काय जमले. ताज्या स्पर्धेपुढे २.४, ७.४, वजावट नाही, एकूण ९.८० असे होते. क्रमांक सहावा. चौथ्या रकान्यात लिहिले होते, "पडले नाही. पोहे खाल्ले होते."