बुडबुडा नेमकं काय चोरतो?

संध्याकाळी इंदुरात जवाहर मार्गावरून राजवाड्याकडे गाडी न्यायची, तर डाव्या पायाला उसंत नसते. शहराजवळच्या पिथमपूरला 11.3 किलोमीटरचा अतिवेगाचा चाचणीमार्ग 2021 साली सुरू झाला. तिथे एकदा वरचा गिअर पडला की क्लचची आठवणही राहत नसेल. इथे मात्र दर दहा पावलांना क्लच, पहिला गिअर, पुन्हा क्लच. अशाच गर्दीत एखाद्या दिवशी पेडल पोकळ लागतं, अर्ध्यापर्यंत नुसतंच खाली जातं. रिव्हर्स टाकताना दात करकरतात. मेकॅनिक पेडलवर पाय ठेवतो आणि लगेच सांगतो, "भिया, एअर आ गई है."

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल आणि क्लच यांना जोडणारी तार नसते. पेडलमागे मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, मध्ये एक बारीक नळी, आणि या सगळ्यात काठोकाठ भरलेलं ब्रेक ऑइल. पायाची आज्ञा तो द्रव पोचवतो. हिशोब मांडला की यातली गंमत उलगडते. पायाने दहा किलोचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो सहापट झाला, असं धरू. साठ किलोचा जोर दोन चौरस सेंटिमीटरच्या पिस्टनवर पडला, म्हणजे नळीत दर चौरस सेंटिमीटरला तीस किलो, वातावरणाच्या सुमारे तीसपट दाब! तीन सेंटिमीटर सरकताना हा पिस्टन पुढे ढकलतो जेमतेम सहा मिलिलीटर ऑइल. एवढ्याशा ऑइलवर अख्ख्या गाडीचा क्लच सुटतो.

आता त्या नळीत एक मिलिलीटर हवा शिरली आहे. तीस वातावरणांच्या दाबाखाली ऑइल हजारात दोन भागही आकसत नाही. हवा मात्र आकसून तिसाव्या हिश्शाएवढी होते. सहा मिलिलीटरांपैकी जवळजवळ एक मिलिलीटर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो आणि स्लेव्हपर्यंत पोचतच नाही. तिकडे प्रेशर प्लेटला उचलायचं असतं दीडेक मिलिमीटर. त्यातला सहावा हिस्सा गेला की क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून पुरती सुटत नाही, घासत फिरत राहते. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला दातांचा वेग जुळवणारा सिंक्रोमेश नसतो, म्हणून पहिली तक्रार तिथूनच येते.

मला यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. बुडबुडा जोर चोरत नाही. त्याच्या अलीकडे, पलीकडे आणि त्याच्या पोटात दाब अगदी सारखाच असतो. तो चोरतो ते अंतर. आणि पाय उचलला की तेही इमानाने परत देतो, फक्त तोवर त्याचा उपयोग उरलेला नसतो. बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे ब्लेझ पास्कालने मांडलं. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1663 साली छापला गेला. दाब दुप्पट केला की हवेचं आकारमान निम्मं होतं, हे रॉबर्ट बॉइलने 1662 साली प्रसिद्ध केलं. एकाच वर्षाच्या अंतराने जगापुढे आलेले हे दोन नियम त्या बारीकशा नळीत एकमेकांना भिडतात.

हवा शिरते कुठून? कधी मास्टर सिलिंडरला ऑइल पुरवणाऱ्या टाकीतली पातळी खाली गेल्यामुळे, कधी दुरुस्तीत नळी उघडल्यामुळे, कधी झिजलेल्या सीलमधून. पेडल वर येताना सिलिंडरमध्ये क्षणभर दाब उतरतो, आणि सैल सील तेवढ्यात हवा आत घेतं. घाईत चार-पाच वेळा पंपिंग केलं तर गिअर पडतो, कारण दर वेळी टाकीतून थोडं ज्यादा ऑइल नळीत येतं. थोडा वेळ थांबलात की ते टाकीत परत जातं आणि पेडल पुन्हा पोकळ.

खरा इलाज दोघांचा. एक जण पेडलवर, दुसरा गाडीखाली. स्लेव्ह सिलिंडरच्या माथ्यावर एक छोटं निपल असतं. माथ्यावर अशासाठी, की हवा वरच गोळा होते. त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवतात. मग खालून आवाज येतो, "दबा के रखो!" निपल उघडतं, ऑइलबरोबर बुडबुडे फसफसत बाहेर पडतात, निपल बंद होतं, आणि मगच "छोड़ो!" हा क्रम चुकता कामा नये. निपल उघडं असताना पेडल सोडलं, तर काढली त्याहून जास्त हवा आट्यांमधून आत यायची. भराभर पंपिंगही नको. त्याने मोठ्या बुडबुड्यांचा फेस होतो, आणि हे बारीक बुडबुडे अतिशय सावकाश वर चढतात, नळीच्या भिंतींना चिकटून बसतात. नळीने मध्येच वर वळण घेतलं असेल तर हवा तिथेच दडून राहते, खालच्या निपलपर्यंत येत नाही. तेव्हा जाणता कारागीर उलट्या बाजूने जातो: सिरिंजने निपलमधून ऑइल हळूहळू वर ढकलतो. हवेला वरच जायचं असतं, ती टाकीतून निघून जाते. ही रीत मला फार आवडते. यात बुडबुड्याशी झगडा करावाच लागत नाही.

बाटलीत जमलेलं ऑइल कितीही स्वच्छ दिसलं तरी परत टाकीत ओतू नये. त्यात सूक्ष्म बुडबुडे असतात आणि ओलावाही. डॉट 3 आणि डॉट 4 ही ऑइलं हवेतलं पाणी शोषून घेतात. नव्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो. पाणी मुरल्यावर तो 140 पर्यंत खाली आला तरी मानकात बसतो. पावसाळ्यात डबा उघडा ठेवणं म्हणूनच महागात पडतं.

हवा काढण्याचं हे सगळं चालू असताना टाकीवर सतत नजर हवी, कारण पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते. तिच्या रचनेत मोठा विचार आहे. क्लचकडे जाणारं तोंड टाकीच्या बाजूला बरंच वर काढलेलं असतं. क्लचची नळी गळाली तर ऑइल त्या तोंडापर्यंतच उतरतं, खालचं ब्रेकसाठी शिल्लक राहतं. सेंधव्याहून धुळ्याकडे निघालेल्या गाडीचा क्लच बिजासन घाटाच्या उतारावर निकामी झाला, तर गिअर बदलणार नाही. ब्रेक मात्र लागेल.