शिदोरी आपली, सायकल आपली

आपल्याकडे मृग नक्षत्र लागते, बी-बियाण्यांची जमवाजमव होते आणि सारे आभाळाकडे डोळे लावून बसतात. नेमक्या त्याच दिवसांत, जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी, कॅनडातील बॅन्फ या डोंगरी गावातून शे-दोनशे माणसे सायकलवर टांग टाकतात आणि दक्षिणेची वाट धरतात. त्यांना गाठायचा असतो अमेरिका व मेक्सिको यांच्या सरहद्दीवरचा अँटिलोप वेल्स नावाचा नाका. अंतर सुमारे ४,४०० कि.मी. श्रीनगरहून निघून कन्याकुमारी गाठली तरी इतके अंतर भरत नाही. त्यातही बहुतेक वाट डांबरी नव्हे, तर खडीची, मातीची आणि जंगलातली. वाटेतले सगळे चढ एकावर एक रचले तर त्यांची उंची ५५ ते ६० हजार मीटर भरते. म्हणजे एव्हरेस्टच्या सहापटीहून जास्त.

या शर्यतीचे नाव 'टूर डिव्हाइड'. ती २००८ सालापासून सुरू झाली. जिंकणाऱ्याला रोख बक्षीस नाही, वाटेत टाळ्या वाजवणारी गर्दी नाही, मागे मदतीची मोटार नाही. मग शेतकरी कुटुंबाने या शर्यतीची माहिती का वाचावी? कारण तिच्या तयारीत जो हिशोब आहे तो आपल्याच घरचा आहे. पाणी किती, ओझे किती, विसावा कधी आणि अडचण आली तर हाताशी काय, हे चार प्रश्न त्या सायकलस्वाराला पडतात, तेच आपल्यालाही हंगामाआधी पडतात. शिवाय आज ना उद्या आपल्याच घरातला मुलगा किंवा मुलगी अशा लांब पल्ल्याचे नाव काढणार आहे. त्या वेळी वडीलधाऱ्यांना योग्य ते विचारता आले पाहिजे.

नियम एकच, पण कडक

या शर्यतींचा नियम असा की, प्रत्येकाने आपला भार आपणच वाहायचा. वाटेतल्या दुकानात खाणे विकत घ्यावे, खानावळीत जेवावे, लॉजवर झोपावे, सायकल दुकानातून दुरुस्त करून घ्यावी. याला हरकत नाही, कारण ती सोय सर्वांना सारखीच खुली आहे. मात्र आपला भाऊ वाटेत डबा घेऊन उभा आहे, मित्र चाक घेऊन आला आहे, हे चालत नाही. दुसऱ्या सायकलीच्या आडोशाने वारा चुकवणेही चालत नाही. जे सर्वांना मिळू शकते ते घ्यावे, जे फक्त आपल्यालाच मिळते ते घेऊ नये, असा हा न्याय आहे. प्रत्येकाजवळ उपग्रहावरून ठावठिकाणा कळवणारे छोटे यंत्र असते. त्यामुळे कोण कुठे आहे हे घरच्यांना नकाशावर दिसते आणि चोरवाटही धरता येत नाही.

वाट पाणलोटाची

ही वाट अमेरिका खंडाच्या मुख्य पाणलोटाच्या कण्याजवळून जाते. आपल्या सह्याद्रीचा माथा जसा पाणी दोन्हीकडे वाटून देतो, पश्चिमेचे अरबी समुद्राला आणि पूर्वेचे गोदावरी-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला, तसाच तिकडे रॉकी पर्वताचा माथा आहे. त्याच्या पश्चिमेचे पाणी पॅसिफिक महासागराकडे आणि पूर्वेचे अटलांटिककडे जाते. सायकलस्वार हा माथा तीसच्या आसपास वेळा ओलांडतो. कोलोरॅडोतील इंडियाना खिंड ही वाटेतली सर्वांत उंच जागा, सुमारे ३,६३० मीटर. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर आहे, म्हणजे दुपटीहून उंच.

वायोमिंग राज्यात या माथ्यावरच एक मोठे खोलगट मैदान लागते. तिथले पाणी कुठल्याच समुद्राला जात नाही. जागीच जिरते किंवा वाळून जाते. सावलीला झाड नाही, वस्ती नाही आणि दीड-दोनशे कि.मी. भरवशाचे दुकान नाही. इथे पाण्याचा हिशोब चुकला तर शर्यत बाजूलाच राहते, जिवावर बेतते.

दुसरा अडथळा मातीचा. मोंटाना आणि न्यू मेक्सिको राज्यांत काही ठिकाणी रस्ताच चिकणमातीचा आहे. कोरडी असताना ती फरशीसारखी कडक असते, पण पाऊस पडला की फुगते आणि चाकाला, ब्रेकला, चेनला लपेटून बसते. आपल्या काळ्या रानात पावसानंतर बैलगाडीचे चाक कसे जड होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळे सांगायला नको. अशा वेळी जोर लावून पॅडल मारले तर गिअर बदलणारा मागचा भाग मोडतो. जाणते लोक खाली उतरतात, काटकीने चिखल खरवडतात, सायकल खांद्यावर घेतात, नाहीतर वाट वाळेपर्यंत सरळ झोप काढतात. वाफसा येईपर्यंत औत घालू नये, हा आपला नियम तिकडेही लागू आहे.

सायकल व सामान

सायकल जाड टायरची, साधारण सव्वादोन इंच रुंदीची घेतात. आजकाल त्यात ट्यूब नसते. टायरमध्ये रबरी चिकासारखे पातळ द्रव घालतात. काटा रुतला की ते छिद्रात जाऊन घट्ट होते. तरीही दोन ट्यूब जवळ ठेवतातच.

सामानासाठी कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या झोळ्या बहुतेक जण वापरत नाहीत. एक पिशवी सीटमागे, एक सायकलीच्या तिकोनात आणि एक हँडलला बांधतात. जड वस्तू तिकोनात, खाली आणि मध्यभागी. हलक्या वस्तू पुढे-मागे. असे केल्याने सायकल उताराला डुलत नाही. सायकल आणि सामान मिळून, अन्न-पाणी वगळता, वजन अठरा-वीस किलोच्या आत ठेवण्याची खटपट असते.

साधारण यादी अशी :

झोपण्यासाठी : अंगाबरोबरची जलरोधक पिशवी, हलके पांघरूण, हवा भरायची छोटी गादी.

कपडे : अंगावरचा एक जोड, पावसाचा कोट, पिसांचे हलके जाकीट, लोकरी मोजे व हातमोजे. जूनमध्येही उत्तरेकडे बर्फ लागतो, म्हणून यात काटकसर करू नये.

दुरुस्ती : पंप, ठिगळे व सोल्यूशन, पान्यांचा छोटा संच, चेन जोडण्याच्या कड्या, तेल, ब्रेकच्या जादा पट्ट्या आणि गिअर जिथे बसतो तो मोडका होऊ शकणारा तुकडा.

उजेड : पूर्वी आपल्या सायकलींना टायरवर घासणारा डायनॅमो असे. आता तो पुढच्या चाकाच्या तुंब्यातच बसवतात. चाक फिरत राहिले की दिवा लागतो आणि वाट दाखवणारे यंत्रही चार्ज होते.

आरोग्य : पाणी शुद्ध करण्याची गाळणी किंवा गोळ्या, मलमपट्टी, घासलेल्या त्वचेचे मलम.

जंगलात अस्वलांचे भय असते. त्यासाठी मिरचीच्या अर्काचा फवारा हाताला लगेच येईल असा बांधतात आणि खाण्याच्या वस्तू झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवतात.

यादी करताना एक कसोटी लावावी. 'असू द्या, लागेल कदाचित' असे जिच्याविषयी म्हणावे लागते ती वस्तू घरी ठेवावी. मात्र जी नसल्यास माणूस थंडीने काकडेल, तहानेने व्याकूळ होईल किंवा अंधारात दिसणार नाही, ती वस्तू कितीही जड असली तरी घ्यावी.

कागदावरचा हिशोब

समजा, ४,४०० कि.मी. बावीस दिवसांत जायचे आहे. रोज २०० कि.मी. आले. चढ-उतार धरून ताशी १५ कि.मी. पडले तर सव्वातेरा तास सायकल चालवणे आले. सहा तास झोप धरली तर खाणे, दुरुस्ती, आंघोळ आणि खरेदी यांना साडेचार तास उरतात. बहुतेकांचा वेळ सायकलवर नव्हे, तर दुकानाच्या दारात वाया जातो. म्हणून काय घ्यायचे याची यादी दुकान येण्यापूर्वीच मनात तयार ठेवतात. ब्रिटनच्या माइक हॉल यांनी २०१६ साली ही शर्यत १४ दिवसांहून थोड्या कमी वेळात पुरी केली. म्हणजे रोज सरासरी ३०० कि.मी.च्या वर.

आता पाणी. तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरले तर तेरा तासांना साडेसहा ते दहा लिटर लागते. म्हणजे तेवढेच किलो ओझे. सगळेच उचलले तर चढ चढवत नाही, कमी घेतले तर घसा कोरडा पडतो. यासाठी नकाशावर पाण्याची प्रत्येक खूण आधी टिपून ठेवावी, आणि एक खूण कोरडी निघाली तरी पुढची गाठता येईल एवढे पाणी जवळ ठेवावे.

अन्नाचेही तसेच. शेतात दिवसभर कष्ट करणाऱ्या पुरुषाला साधारण साडेतीन हजार कॅलरी लागतात. या सायकलस्वारांना दिवसाला सहा ते आठ हजारांपर्यंत लागतात. भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला थोडे खावे लागते. आपल्याकडच्या पदार्थांत शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, दशमी हे यासाठी उत्तम. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. घामाने मीठही जाते, म्हणून नुसतेच पाणी ढोसू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे गावच्या आरोग्यसेविकेने सांगितलेले प्रमाण इथेही कामाला येते.

शरीराच्या कुरबुरी

शर्यत सोडावी लागते ती पुष्कळदा लहान कारणांनी. सीटवर घासून फोड येतात. रोज ती जागा धुऊन कोरडी करणे आणि स्वच्छ चड्डी घालणे, हाच उपाय. तळहातावर सतत भार पडून करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. हँडलवरची पकड दर थोड्या वेळाने बदलावी. गुडघा दुखत असेल तर सीटची उंची तपासावी आणि चढाला हलका गिअर घ्यावा. दुखणे अंगावर काढून पुढे जाण्यात शौर्य नाही.

खरा धोका कोणता?

अस्वलापेक्षा दोन धोके मोठे आहेत : मोटारी आणि अपुरी झोप. वर ज्यांचा उल्लेख केला ते माइक हॉल म्हणजे या क्षेत्रातील आदर्श. युरोपातील 'ट्रान्सकॉन्टिनेंटल' ही अशीच शर्यत त्यांनी २०१३ साली सुरू केली. ३१ मार्च २०१७ रोजी ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल ते सिडनी अशा सुमारे साडेपाच हजार कि.मी.च्या शर्यतीत, कॅनबेरा शहराजवळ, उजाडण्यापूर्वी त्यांना मोटारीची धडक बसली व ते जागीच गेले. ती शर्यत तिथेच थांबवण्यात आली. एवढा अनुभवी माणूस रस्त्यावर जातो, ही गोष्ट घरातल्यांनी आणि जाणाऱ्यानेही नीट ध्यानात घ्यावी.

डोळे मिटू लागले की सायकलवरून उतरून झोपावे. जागरणाने माणसाचा तोल जातो, अंदाज चुकतो आणि तो चुकला आहे हेही त्याला कळत नाही. मळणीच्या वेळी रात्र-रात्र यंत्रावर काम करणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे.

आपल्या मुलांसाठी

कॅनडाला जाणे खर्चाचे आहे आणि प्रत्येकाने जावे असेही नाही. पण पहिली पायरी आपल्या राज्यातच आहे. 'ब्रेव्हे' नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल-सहली महाराष्ट्रातील अनेक शहरांतून निघतात. ती शर्यत नव्हे. ठरलेल्या वेळेत, आपला भार आपण वाहून पोहोचायचे असते. २०० कि.मी.ला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास मिळतात. पुढे फ्रान्समधील पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही दर चार वर्षांनी होणारी १,२०० कि.मी.ची फेरी आहे; तिला बहुतेकांना नव्वद तास मिळतात. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी तर २०१८ साली, वयाच्या विशीत, सुमारे २९,००० कि.मी.ची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवर पुरी केली. घराबाहेर एकट्या मुलीने काय करावे, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

मुलगा किंवा मुलगी असे काही बोलली तर एकदम 'याने पोट भरणार आहे का?' असे म्हणू नये. त्याऐवजी पाच प्रश्न विचारावेत. पंक्चर स्वतः काढता येते का? पाणी कुठे-कुठे मिळणार, हे कागदावर लिहिले आहे का? मागचा दिवा आणि चमकणारा पट्टा आहे का? झोप आली तर कुठे थांबणार? आणि परत फिरायची वेळ आली तर लाज न बाळगता फिरशील का? पाचही उत्तरे नीट आली, तर पेरणीची गर्दी सरू द्यावी आणि बिनघोर जाऊ द्यावे. एकाही प्रश्नाला अडखळले, तर आधी पन्नास, मग शंभर कि.मी. दिवसाउजेडी करून ये, असे सांगावे.

आणि तोवर, आज संध्याकाळीच, घरातल्या शाळेच्या सायकलीचे ब्रेक दाबून पाहावेत व मागच्या मडगार्डला लाल चमकणारी पट्टी लावावी. तिला फार पैसे पडत नाहीत.